आयपी पत्ता हातात आला म्हणजे माणूस हातात आला असं नाही

ऑगस्ट २००७ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी बेंगळुरूतल्या एका तरुण इंजिनिअरला अटक केली. त्याने ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर टाकला, असा आरोप होता. पुराव्यात होता एक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा आकडी पत्ता, आणि इंटरनेट कंपनीने त्या पत्त्यापुढे लिहून दिलेलं नाव. तो पत्ता त्याचा नव्हताच, कंपनीकडूनच चुकीची माहिती गेली होती. हे उघड होईपर्यंत त्याचे पन्नास दिवस तुरुंगात गेले.

तेव्हा निदान बहुतेक घरगुती कनेक्शनला इंटरनेटवर दिसणारा स्वतःचा एक पत्ता असायचा. आज मुंबईत एका पत्त्यामागे अनेक इमारतींमधली घरं एकाच वेळी बसलेली असतात. म्हणजे चुकीला तेव्हापेक्षा आता जास्त वाव आहे. तरीही ‘आयपी ट्रेस केला आणि आरोपीपर्यंत पोचलो’ हे वाक्य बातम्यांत तसंच येत राहतं. या वाक्यातल्या ‘आणि’मध्ये किती पायऱ्या दडलेल्या असतात आणि त्यातली प्रत्येक कुठे निसटू शकते, ते नीट बघायला हवं. कारण कनेक्शन आपल्या नावावर असतं आणि नोटीसही आपल्याच नावाने येते.

गच्चीवरून आलेली वायर

मुंबईतल्या जुन्या इमारतींमध्ये इंटरनेट बहुतेक वेळा केबलवाल्याकडून येतं. त्याच्यावर एक परवानाधारक कंपनी असते आणि तिच्यावर कधी आणखी मोठी कंपनी. जुन्या पद्धतीत तांब्याची वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकलेली असते आणि जिन्याच्या वरच्या टोकाला एका पत्र्याच्या पेटीत स्विच असतो. या पद्धतीत कंपनीला तुमचं घर ओळखू येतं ते फक्त पीपीपीओई या लॉगिन पद्धतीच्या युजरनेमवरून. राउटर चालू झाला की तो युजरनेम-पासवर्ड पाठवतो. पलीकडचा रेडियस (लॉगिन तपासणारा) सर्व्हर ते तपासून सेशन सुरू करतो आणि चार गोष्टी नोंदवतो: युजरनेम, राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक), दिलेला आयपी आणि सुरू-बंद झाल्याची वेळ.

हा पासवर्ड बऱ्याच केबलवाल्यांकडे सगळ्या ग्राहकांना एकच दिलेला असतो आणि युजरनेम म्हणजे विंग आणि फ्लॅट नंबर. मॅक बाइंडिंग, म्हणजे ठरावीक राउटरवरूनच लॉगिन होऊ देणं, चालू नसेल तर त्याच स्विचवरचा दुसरा कुणीही तुमच्या नावाने सेशन सुरू करू शकतो. तुमचा राउटर बंद असताना कुणी तसं केलं तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. बहुतेक कंपन्यांच्या ग्राहक पोर्टलवर सेशनचा इतिहास दिसतो: लॉगिन, लॉगआउट, आयपी, वापरलेला डेटा. महिन्यातून एकदा तो उघडून बघावा. तुम्ही गावी होता, मेन स्विच बंद होता आणि तरी त्या तारखांना डेटा खर्च झालेला दिसला तर तिथल्या तिथे लेखी तक्रार करावी, पोर्टलवरून पासवर्ड बदलावा आणि मॅक बाइंडिंग चालू करून मागावं. ते चालू केल्यावर राउटर बदलला तर कनेक्शन लागत नाही, केबलवाल्याला फोन करून नवा मॅक नोंदवावा लागतो. तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

फायबर आल्यावर परिस्थिती थोडी सुधारली. डक्टमधल्या स्प्लिटरमधून (एका धाग्याचे अनेक फाटे करणाऱ्या पेटीतून) तुमच्या घरापर्यंत वेगळा धागा येतो आणि फायबर घरात जिथे येऊन संपतं त्या ओएनटी पेटीचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो. दुसऱ्याच्या घरातून तुमच्या नावाने घुसणं त्यामुळे पुष्कळ अवघड होतं. पण यातून फक्त घर कळतं, घरातला माणूस नाही.

आणि घर तरी कुणाचं? मुंबईत भाड्याची घरं अकरा-अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर फिरत असतात. भाडेकरू बदलतो, पण कनेक्शन कधी घरमालकाच्या नावावर राहतं, कधी दोन भाडेकरूंपूर्वीच्या मुलाच्या नावावर. नवा माणूस केबलवाल्याला दर महिन्याला यूपीआयने पैसे देत राहतो आणि केवायसीची कागदपत्रं जुन्याचीच असतात. पोलिसांना दिलेल्या भाडेकरूच्या माहितीचा आणि इंटरनेट कनेक्शनच्या नोंदीचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून घर सोडताना वीज आणि गॅसइतकंच हे कामही करावं: कनेक्शन बंद करण्याचा ईमेल कंपनीला पाठवावा (केबलवाल्याला तोंडी सांगणं पुरत नाही), त्याचं उत्तर जपून ठेवावं आणि ओएनटी परत केल्याची पावती घ्यावी. घरमालकाने नव्या भाडेकरूला त्याच्या स्वतःच्या कागदपत्रांवर नवं कनेक्शन घ्यायला लावावं.

एका पत्त्यामागे त्रेसष्ट घरं

आता मुख्य गोष्ट. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते कधीच अपुरे पडले, म्हणून कंपन्या सीजीनॅट वापरतात: अनेक ग्राहकांना आतले खासगी पत्ते देतात आणि बाहेर जाताना सगळ्यांना एकाच सार्वजनिक पत्त्यावरून काढतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा खास राखून ठेवला गेला.

तुमचं घर सीजीनॅटमागे आहे का, ते दोन मिनिटांत कळतं. राउटरचं पान उघडा (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१), स्टेटसमध्ये वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. मग ‘माझा आयपी काय’ असं शोधून कुठल्याही साइटवर दिसणारा पत्ता बघा. दोन्ही सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता तुमचा एकट्याचा आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये किंवा पहिल्या टिंबाआधी नेमका १० असलेला असेल तर तुम्ही शेअरिंगमध्ये आहात. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसेल. तेव्हा ओएनटीचं पान उघडून बघावं.

सगळे एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असतील तर परत आलेली माहिती कोणाची, हे ठरतं पोर्टवरून, म्हणजे पत्त्यासोबत जाणाऱ्या जोडणीच्या क्रमांकावरून. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट. पहिले १,०२४ बाजूला ठेवले आणि प्रत्येक घराला १,०२४ चा एकेक गठ्ठा दिला तर ६३ घरं बसतात. गठ्ठा ५१२ चा केला तर १२६.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. परदेशातल्या एखाद्या साइटने अशी नोंद दिली आहे असं समजू: आयपी २०३.०.११३.४५, सोर्स पोर्ट (पाठवणाऱ्याच्या बाजूचा पोर्ट) ४१,७२८, वेळ १४ जून, १८:४५:१०, यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ). (हा आयपी उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पट्ट्यातला आहे, कुणाचाही नाही.) आधी वेळ बदलायची. यूटीसीमध्ये साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते १५ जून, रात्री ००:१५:१०. तारीखच बदलली. मग पोर्ट: ४१,७२८ भागिले १,०२४, भागाकार ४०, म्हणजे ४०,९६० ते ४१,९८३ हा चाळिसावा गठ्ठा. आता कंपनीच्या नोंदवहीत बघायचं की १५ जूनला रात्री सव्वाबारा वाजता या पत्त्याचा चाळिसावा गठ्ठा कोणत्या युजरनेमकडे होता.

आता हेच बिघडवून बघू. नोंदीत पोर्ट नसेल तर त्रेसष्ट घरांतलं कुठलंही. पोर्ट आहे पण कुणी १८:४५ ही भारतीय वेळ समजला तर उत्तर येईल ते संध्याकाळी पावणेसातला तो गठ्ठा ज्याच्याकडे होता त्याचं. जूनमध्ये हे फार सहज होतं. पहिल्या मोठ्या पावसात अकरा-बाराच्या सुमारास गल्लीतली लाइट गेली, सहा मिनिटांनी आली, सगळ्या इमारतींचे राउटर एकदम चालू झाले आणि गठ्ठे ज्याच्या-त्याच्या नशिबाने नव्याने वाटले गेले. पावणेसातला जो गठ्ठा दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे होता तो सव्वाबाराला पलीकडच्या सोसायटीतल्या कुणाकडे तरी असतो. साइटची नोंद कॅलिफोर्नियाच्या स्थानिक वेळेत असेल तर आणखी घोळ, कारण तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेतेरा.

सर्व्हर चालवणाऱ्यांनी सोर्स पोर्ट, सेकंदापर्यंत अचूक वेळ आणि प्रोटोकॉल नोंदवावा, अशी शिफारस इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या आयईटीएफने जून २०११ मध्येच केली आहे, आरएफसी ६३०२ मध्ये. तरी अपाचे आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉग फॉरमॅटमध्ये पोर्ट येत नाही, तो मुद्दाम घालावा लागतो. मराठीत छोटी-मोठी संकेतस्थळं चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: लॉग फॉरमॅटमध्ये क्लायंटच्या पोर्टचं चल वाढवा आणि वेळेसोबत टाइमझोन राहू द्या. साइट सीडीएनमागे (वाचक आणि सर्व्हर यांच्यामधली वितरण सेवा) असेल तर तुमच्या सर्व्हरला सीडीएनचा पोर्ट दिसतो, वाचकाचा नव्हे. तेव्हा खरा पोर्ट हेडरमधून पाठवण्याची सोय सीडीएनकडे आहे का ते बघा. उद्या कुणी तुमच्या साइटवर धमकी टाकली आणि तुम्ही पोर्टशिवाय नोंद दिलीत, तर तिचा उपयोग खऱ्या माणसाला पकडण्यासाठी होणार नाही, चुकीच्या माणसाला बोलावण्यासाठी मात्र होऊ शकतो.

सगळ्यात कच्चा दुवा मात्र मधल्या केबलवाल्याचा. काही ठिकाणी तो वरच्या कंपनीकडून मोजके सार्वजनिक पत्ते घेतो आणि स्वतःच्या मिक्रोटिक कंपनीच्या राउटरवर नॅट करून (अनेकांना एका पत्त्यावरून बाहेर काढून) साऱ्या गल्लीला देतो. वरच्या कंपनीची नोंद मग केबलवाल्यापाशी येऊन थांबते. पुढचं त्या राउटरला ठाऊक, आणि तो सहसा शेवटच्या हजारेक ओळीच लक्षात ठेवतो. लॉग बाहेरच्या सिसलॉग (नोंदी साठवणाऱ्या) सर्व्हरवर पाठवले नसतील तर राउटर बंद पडला की तेही गेलं. शिवाय स्वस्त राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट येऊन राउटर सुरू झाला की एनटीपी या इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेकडून वेळ मिळेपर्यंत तो स्वतःला जानेवारी १९७० मध्ये समजतो आणि तीच तारीख नोंदींवर टाकतो. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सगळ्यांनी घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवावीत आणि लॉग १८० दिवस ठेवावेत असं सांगितलं ते म्हणूनच योग्य होतं. त्या निर्देशांतल्या इतर गोष्टींवर माझे आक्षेप आहेत, घड्याळाच्या या अटीवर नाहीत.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत ही गर्दी नाही, प्रत्येक घराला स्वतःचा पत्त्यांचा पट्टा मिळतो. फोन आणि लॅपटॉप पत्त्याचा शेवटचा अर्धा भाग अधूनमधून बदलत राहतात, पहिला अर्धा भाग मात्र घराचाच असतो. म्हणजे घर पक्कं कळतं. तपासासाठी ते सोपं आणि खासगीपणाच्या दृष्टीने थोडं वाईट.

मजकूर आणि नोंदी

फोनवरचं बोलणं ऐकायला आपल्याकडे बरीच वरची परवानगी लागते. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२), त्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात घालून दिलेल्या मर्यादा, पुढे नियम ४१९-अ आणि आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम, असा हा प्रवास. नेहमीच्या प्रकरणात आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लागतो. तो ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी १८० दिवसांपलीकडे जात नाही. या मर्यादा नुसत्या कागदावर नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी विनीत कुमार यांच्या प्रकरणात फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. सार्वजनिक आणीबाणी नाही, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नाही, मग लाचेच्या तपासासाठी टॅपिंग कायद्यात बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. फोन टॅपिंगवर मराठीत लिहिणाऱ्याने हा निकाल मुळातून वाचावा.

नोंदींचं तसं नाही. कुणी, कुणाला, केव्हा, किती वेळ, कुठल्या टॉवरखालून, कुठल्या आयपीवरून: हे मागवायला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ पुरतं, जे १ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९१ होतं. त्यात न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. मोबाइलच्या सीडीआरसाठी (कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे कॉलच्या नोंदी) २०१३ नंतर अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची चाळणी आली, कारण त्या वर्षी दिल्लीत अरुण जेटलींचे सीडीआर बेकायदा काढल्याचं प्रकरण गाजलं होतं. तरी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांना सीडीआर विकणारी साखळी सापडली आणि त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. एखाद्याचे सहा महिन्यांचे सीडीआर बघितले तर त्याचं घर, कामाची जागा, डॉक्टर, नाती सगळं समजतं, एक शब्दही न ऐकता. म्हणून नोंदींसाठीची परवानगी इतकी खालच्या पातळीवर असणं मला मान्य नाही. तीही स्वतंत्र अधिकाऱ्याने तपासावी आणि ज्याच्या नोंदी काढल्या त्याला तपास संपल्यावर कळवावं, एवढं तरी कायद्यात यायला हवं.

या नोंदी राहतात किती दिवस? डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या. सीडीआर आणि आयपीच्या नोंदी आधी किमान एक वर्ष ठेवाव्या लागत, त्या आता किमान दोन वर्षं. ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा, कारण कमाल मर्यादा त्यात नाही. व्हीपीएन (आपला आयपी झाकून दुसऱ्या सर्व्हरवरून इंटरनेट वापरू देणाऱ्या) कंपन्यांना सर्ट-इनने ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेले आयपी, वापराचा हेतू हे सारं पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नाही, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना फरक पडत नाही.

आपल्याबद्दल कंपनीकडे काय आहे हे विचारण्याचा हक्क २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि हक्कांची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. गुन्ह्याच्या तपासासाठीच्या वापराला त्यातून सूटही आहे. तोवर पोर्टलवर जे दिसतं ते स्वतःच उतरवून ठेवणं बरं.

उघडं वाय-फाय

जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायवरून गेला होता. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचं नेटवर्क वापरलं गेलं, सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं. तिन्ही ठिकाणी नेटवर्कच्या मालकांचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सुरक्षित वाय-फायबद्दल सूचना काढल्या. स्टेशनवर किंवा कॅफेत वाय-फाय जोडताना मोबाइलवर ओटीपी येतो, त्याचं मूळ या घटनांमध्ये आहे.

घरचं वाय-फाय आता बहुधा पासवर्डचं असतं. सोसायटीचं मात्र बघण्यासारखं आहे. सीसीटीव्हीसाठी घेतलेलं कनेक्शन, नाव सेक्रेटरीचं, राउटर वॉचमनच्या केबिनमध्ये, पासवर्ड राउटरच्या पाठीवर छापलेला. तोच पासवर्ड वॉचमनपासून डिलिव्हरीवाल्यांपर्यंत सगळ्यांना माहीत. काही झालं तर नोटीस सेक्रेटरींच्या घरी येणार. कनेक्शन सोसायटीच्या नावावर करून घ्यावं, कॅमेरे वायरने जोडावेत आणि त्या राउटरचं वाय-फाय सरळ बंद करावं. वॉचमनला इंटरनेट द्यायचंच असेल तर त्याच्या मोबाइलचा रिचार्ज करून द्यावा. सभासदांना किंवा गिऱ्हाइकांना रीतसर वाय-फाय द्यायचं असेल तर पीएम-वाणी ही सरकारी योजना आहे: डिसेंबर २०२० पासून किराणा दुकानदारसुद्धा परवाना न घेता त्याखाली वाय-फाय देऊ शकतो आणि वापरणाऱ्याची ओळख त्या यंत्रणेतच नोंदली जाते.

घरच्या राउटरवर डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडून घेण्याची सोय) बंद, रिमोट मॅनेजमेंट बंद, अॅडमिनचा पासवर्ड बदललेला, पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क आणि टाइमझोन भारताचा. शेवटचं सगळे विसरतात. राउटरच्या मॅक यादीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट मॅक दाखवतात, त्यामुळे ‘हा मॅक अमक्याच्या फोनचा’ असं नुसत्या फोनच्या मूळ मॅकवरून सांगता येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये त्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन तिथे दिसणारा मॅक जुळवावा लागतो.

कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) विचारणांवरून आणि जोडणीच्या सुरुवातीला उघड जाणाऱ्या साइटच्या नावावरून दिसतं. पान कुठलं वाचलं, काय लिहिलं हे एचटीटीपीएसमुळे दिसत नाही. अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे, तिथे विश्वासाच्या सेवेचं नाव घातलं की पहिली फट बुजते. स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वाय-फायवर लॉगिनचं पान उघडत नाहीसं झालं तर कारण बहुधा हेच असतं. तेवढ्यापुरतं ते ‘ऑटोमॅटिक’ करावं, लॉगिन झाल्यावर पुन्हा बदलावं.

नोटीस आली तर

व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘तुमच्या आयपीवरून गुन्हा झालाय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ म्हणाला तर फोन ठेवावा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. डिजिटल अरेस्ट असं काही कायद्यात नाही. हजर राहण्याची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवरून बजावता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

खरी नोटीस कागदावर येते. त्यात याच संहितेचं कुठलं कलम आहे ते बघावं. १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे आणि स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं, साठीच्या पुढचे पुरुष, आजारी किंवा अपंग व्यक्ती यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. ३५(३) असेल तर संशय तुमच्यावर आहे. वकील गाठावा आणि दिलेल्या तारखेला जावं, कारण नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही, करायची तर कारणं लिहावी लागतात. वकिलामार्फत लेखी विचारावं: आयपी कोणता, सोर्स पोर्ट कोणता, वेळ कुठल्या टाइमझोनमधली, नोंद कुठल्या सर्व्हरची आणि माझं नाव कुठल्या कंपनीने कुठल्या नोंदीवरून दिलं. पाचांपैकी एकाचं जरी उत्तर नसलं तरी तो मुद्दा जबाबात नोंदवून घ्यावा.

राउटर रीसेट करू नये. घाबरून अनेक जण आधी तेच करतात. त्यात तुमच्याच बाजूची नोंद जाते आणि वर इलेक्ट्रॉनिक पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो. पोर्टलवरचा सेशन इतिहास, बिलं आणि त्या दिवशी घरी कोण होतं याचं टिपण तयार ठेवावं.

खटला उभा राहिला तर लॉगची नुसती प्रिंट चालत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं सांगितलं. तेच आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. नमुना ठरलेला आहे, त्याला दोन भाग आहेत आणि त्यात हॅश (फाइलवरून काढलेली, तिच्या ठशासारखी आकडे-अक्षरांची ओळ) लिहावाच लागतो. कंपनीने दिलेल्या फाइलचा हॅश काढून प्रमाणपत्रातल्या हॅशशी जुळतो का, हे बचाव पक्षाला स्वतः बघता येतं. एक अक्षर बदललेलं असलं तरी हॅश पूर्ण वेगळा येतो.

फोन किंवा लॅपटॉप जप्त होत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. पंचनाम्यात मेक, मॉडेल, सिरियल नंबर, फोनचे दोन्ही आयएमईआय (*#०६# दाबून दिसतात) आणि तो चालू होता की बंद, हे लिहून घ्यावं. चालू फोन सतत आतल्या आत बदलत असतो, म्हणून त्याचा हॅश जागच्या जागी काढता येत नाही. तो फोन पंचांसमोर सीलबंद पाकिटात गेला का, सीलवर सह्या झाल्या का आणि पाकिटाचा क्रमांक पंचनाम्यात उतरला का, हे तिथेच बघून पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी.